उणे ५५ मिलिमीटर पाऊस

परवा भाची जेवायला आली होती. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवून, हात पुसत पुसत तिने बॅगेतून वही काढली. म्हणाली, मामा, पॉझिटिव्ह लिनियर ऑपरेटर म्हणजे काय ते मला नीट सांग, व्याख्या नको, व्याख्या पाठ आहे. मला हे फार पटलं, कारण गणितात आपलं सगळ्यांचं असंच होतं, व्याख्या पाठ असते आणि ती मुळात कुणाला कशासाठी लागली हे विचारायचं राहून जातं. त्या दिवशी तिच्या वहीच्या मागच्या पानांवर जे खरडलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितोय. दहावीचं गणित आठवत असेल तर पुरे आहे, फक्त एक-दोन ठिकाणी कागद-पेन घेतलंत तर जास्त मजा येईल.

सुरुवात पावसापासून करू, मुंबईत दुसरीकडून कुठून करणार. चर्चगेट ते विरार ही रेल्वेची रेघ डोळ्यासमोर आणा, साधारण ६० किलोमीटरची. चर्चगेटला ० म्हणायचं, विरारला १, म्हणजे बांद्रा आलं पाव वाटेवर आणि सांताक्रूझ-पार्ल्याच्या मधे कुठेतरी ०.३. आता या रेघेवर कुठेही बोट ठेवा आणि विचारा, आज इथे पाऊस किती पडला? उत्तर एक आकडा. प्रत्येक जागेला एक आकडा, झालं, हेच फंक्शन, आणि ० ते १ ची ती रेघ म्हणजे इंटर्व्हल. जागा बदलली की आकडा किती बदलू शकतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला फक्त ७३ च्या आसपास. आम्ही फोर्टातल्या ऑफिसात बसून म्हणत होतो, एवढं काय त्यात, नेहमीचाच तर पाऊस आहे, आणि इकडे पार्ल्याला आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलेलं.

अडचण अशी की पर्जन्यमापक काही फुटाफुटावर बसवलेले नसतात. समजा रेघेवर सारख्या अंतरावर पाचच आहेत. पाच आकडे हातात, आणि त्यावरून मधल्या सगळ्या जागांचा अंदाज करायचाय, तोही एका साध्या सुटसुटीत सूत्राने. साधं सूत्र म्हणजे बहुपदी, एक्स, एक्सचा वर्ग, घन यांना आकड्यांनी गुणून बेरीज करायची, ज्याचा हिशोब कुठलाही कॅल्क्युलेटर करू शकतो. आणि हे जमतं का हा प्रश्न जुना आहे. १८८५ मधे वायरस्ट्रास यांनी सिद्ध केलं की इंटर्व्हलवरचं कुठलंही सलग फंक्शन, म्हणजे पेन न उचलता काढता येईल असा ग्राफ, बहुपदीने हवं तितकं जवळून पकडता येतं. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते, म्हणजे आपल्याकडे माणसं नातवंडं सांभाळायला लागतात त्या वयात.

जमतं हे कळलं, पण कसं? पहिली कल्पना कुणालाही सुचेल अशी, पाच टिंबं आहेत ना, मग पाचही टिंबांतून बरोब्बर जाणारी बहुपदी काढू. याला इंटरपोलेशन म्हणतात. आता गंमत बघा. समजा त्या दिवशी फक्त मधल्या म्हणजे तिसऱ्या मापकावर ढग फुटला आणि १०० मिलिमीटर पाऊस झाला, बाकी चारही ठिकाणी ठणठणीत कोरडं. मापकांना ०, १, २, ३, ४ असे नंबर देऊ. मग ती बहुपदी होते १०० गुणिले एक्स गुणिले (एक्स − १) गुणिले (एक्स − ३) गुणिले (एक्स − ४), भागिले ४. तपासून बघा, ०, १, ३, ४ ला शून्य येतं आणि २ ला बरोबर १००. छान. आता पहिल्या दोन मापकांच्या मधोमध काय येतं? एक्सच्या जागी ०.५ घाला, ०.५ गुणिले −०.५ गुणिले −२.५ गुणिले −३.५, भागिले ४, गुणिले १००. उत्तर येतं −५४.७.

उणे ५५ मिलिमीटर पाऊस! म्हणजे काय, जमिनीतून वर ढगात गेला? भाची हसली, पण मी म्हटलं हसू नकोस, हेच सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. सूत्राने प्रत्येक टिंबाला इमानेइतबारे स्पर्श केला आणि टिंबांच्या मधे मात्र वाट्टेल ते केलं. आणि टिंबं वाढवली की सुधारेल असं वाटतं तेही खोटं, १९०१ मधे रुंगे यांनी एक अगदी सभ्य, गुळगुळीत, घंटेच्या आकाराचं फंक्शन घेऊन दाखवलं की सारख्या अंतरावर टिंबं वाढवत नेली तर टोकांपाशी बहुपदी आणखीनच उसळ्या मारते. मग फाबर यांनी १९१४ मधे त्यावर कडीच केली, टिंबं कुठेही आणि कशीही आधी ठरवून ठेवा, एखादं सलग फंक्शन असं सापडणारच की ज्याच्यावर ही पद्धत फसते.

मग मागणी जरा बदलून बघू. टिंबातून जायलाच हवं हा हट्ट सोडू, आणि त्याऐवजी म्हणू की बाबा, पाऊस जर कुठेच शून्याच्या खाली नाही तर तुझा अंदाजही कुठे शून्याच्या खाली जायला नको. ही मागणी म्हणजेच पॉझिटिव्ह ऑपरेटर.

ऑपरेटर म्हणजे मशीन समजा, एका बाजूने ग्राफ आत घालायचा, दुसऱ्या बाजूने ग्राफ बाहेर. चक्कीसारखं, फक्त गव्हाच्या जागी फंक्शन. लिनियर म्हणजे ते बेरजेशी इमानदार असतं, सोमवारचा पाऊस वेगळा घातला, मंगळवारचा वेगळा घातला आणि बाहेर आलेले दोन ग्राफ मिळवले, किंवा दोन दिवसांची बेरीज आधीच करून एकदाच घातली, उत्तर तेच. तसंच इंचात मोजून घाला की मिलिमीटरमधे, शेवटी फरक फक्त युनिटचा. प्रत्येक मशीन असं नसतं हं. टीव्हीवाल्यांचं मशीन बघा, जिथे सगळ्यात जास्त पाऊस तोच आकडा अख्ख्या शहराला लावायचा, मुंबई पाण्यात! सोमवारी सगळ्यात जास्त बोरिवलीत आणि मंगळवारी दादरला, की हा बेरजेचा हिशोब लगेच फसतो, म्हणून ते लिनियर नाही. इंटरपोलेशन मात्र लिनियर आहे, त्याची खोट फक्त पॉझिटिव्हपणात आहे. आणि पॉझिटिव्ह या शब्दाचा सकाळी व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या सुविचारांशी काही संबंध नाही, अर्थ एवढाच, उणे नसलेलं आत घातलं की उणे नसलेलंच बाहेर येणार.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की एक तिसरी फुकटात मिळते आणि पुढचं सगळं नाटक तिच्यावरच उभं आहे. समजा प्रत्येक जागी सोमवारचा पाऊस मंगळवारपेक्षा जास्त. मग दोघांची वजाबाकी कुठेच उणे नाही, ती मशीनमधे घातली की बाहेर येणारंही उणे नाही, आणि लिनियर असल्यामुळे ती बाहेरच्या दोन ग्राफची वजाबाकीच असते. म्हणजे आत जो वर होता तो बाहेरही वरच राहतो, कुणी कुणाला ओव्हरटेक करत नाही. हे वाक्य डोक्यात ठेवा, थोड्या वेळाने वाट्या घेऊन येतो तेव्हा लागेल.

आता असं मशीन प्रत्यक्षात बनवायचं कसं? सगळ्यात गाजलेलं मशीन सर्गेई बर्नस्टाइन यांचं, १९१२ मधलं, जेमतेम दोन पानांचं टिपण. आणि त्यांनी ते चक्क छापा-काट्यातून काढलं.

समजा तुम्हाला ०.३ या जागी, म्हणजे सांताक्रूझ-पार्ल्याच्या मधे, पावसाचा अंदाज हवाय, आणि मापक अकरा आहेत, ०, ०.१, ०.२ असे १ पर्यंत, दर सहा किलोमीटरला एक. एक नाणं घ्या जे ३० टक्के वेळा छापा दाखवतं. दहा वेळा उडवा. छापे तीन आले तर तीन नंबरच्या मापकाचा आकडा लिहा, चार आले तर चार नंबरचा. असं पुन्हा पुन्हा करा आणि लिहिलेल्या आकड्यांची सरासरी काढा. ती सरासरी म्हणजेच बर्नस्टाइन बहुपदीची ०.३ ला असलेली किंमत. प्रत्यक्षात नाणं उडवायचं नाही अर्थात, कुठला मापक किती वेळा येणार ते अकरावीच्या बायनॉमियलच्या सूत्राने थेट मिळतं. हिशोब केला तर तीन नंबरच्या मापकाला २६.७ टक्के वजन मिळतं, दोन नंबरला २३.३, चारला २०, एकला १२, पाचला १०, आणि विरारच्या दहा नंबरला इतकं कमी की असून नसल्यासारखं. सोसायटीच्या मीटिंगसारखं आहे, मत सगळ्यांना विचारायचं पण ज्याच्या घरात गळतंय त्याचं आणि शेजाऱ्यांचं जास्त ऐकायचं.

यात वजनं सगळी शून्य किंवा जास्त, आणि त्यांची बेरीज बरोबर १. उणे वजनच नाही तर उणे पाऊस येणार कुठून? पॉझिटिव्हपणा असा पायातच घालून ठेवलाय.

मघाचा ढगफुटीचा दिवस या मशीनमधे घालून बघू, तेच पाच मापक, मधे १००, बाकी कोरडं. चार वेळा नाणं उडवायचं, तर मधल्या मापकाचं वजन होतं ६ गुणिले एक्स वर्ग गुणिले (१ − एक्स) वर्ग, इथे एक्स पुन्हा ० ते १ मधे. पहिल्या दोन मापकांच्या मधोमध, जिथे मघाशी उणे ५५ आलं होतं, तिथे एक्स म्हणजे १/८, आणि येतात ७ मिलिमीटर. ठीक आहे, कोरड्या जागी सात मिलिमीटर जास्त झाले पण निदान पाऊस खालून वर जात नाहीये. आता खुद्द ढग फुटला तिथे, मधोमध? १०० गुणिले ६/१६, म्हणजे साडेसदतीस. १०० चे साडेसदतीस! भाची म्हणाली, मामा हे तर भलतंच पोलिटिकली करेक्ट मशीन आहे, सगळ्यांना सांभाळून घेतं आणि खरं कुणालाच सांगत नाही. तक्रार अगदी रास्त आहे. टोकाचे दोन मापक सोडले तर बर्नस्टाइनची बहुपदी साधारणपणे कुठल्याच टिंबातून जात नाही, ती शिखरं खाली दाबते, खड्डे भरून काढते. पण मापक वाढवत गेलात तर ती खऱ्या ग्राफला चिकटत जाते, प्रत्येक सलग फंक्शनसाठी, अपवाद नाही, आणि इंटरपोलेशनला नेमकं हेच जमलेलं नाही. कारण छापा-काट्यातच आहे, नाणं हजार वेळा उडवलं तर छाप्यांचं प्रमाण ०.३ च्या आसपासच राहणार, मग वाचलेले आकडेही ०.३ च्या आसपासचेच, आणि फंक्शन सलग असल्यामुळे ते आकडे खऱ्या किमतीच्या आसपासचे. वायरस्ट्रास यांच्या प्रमेयाची सिद्धता इतकीच, मला अजूनही ही गणितातली सगळ्यात देखणी दोन पानं वाटतात.

इथपर्यंत बर्नस्टाइन. पण उद्या तुम्ही स्वतःचं मशीन बनवलंत, वेगळी वजनं घालून, तर ते चालतंय की नाही कसं तपासणार? सलग फंक्शन्स तर अगणित आहेत, एकेक घालून बघायची म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. इथे येतं कोरोव्हकिन यांचं प्रमेय, १९५३ चं. त्याच्या आधी रोमानियात पोपोव्हिच्यू यांनी १९५१ मधे आणि बोहमान यांनी १९५२ मधे याच वळणाचं काम केलं होतं, पण नाव लागलं ते कोरोव्हकिनचं, असं होतं. प्रमेय म्हणतं, मशीन लिनियर आणि पॉझिटिव्ह असेल तर फक्त तीन फंक्शन्स घालून बघा, सगळीकडे १ असलेलं सपाट फंक्शन, सरळ रेघ म्हणजे एक्स, आणि एक्सचा वर्ग. मापक वाढवत नेल्यावर या तिघांचा अंदाज खऱ्याला चिकटत असेल, तर जगातल्या प्रत्येक सलग फंक्शनचा चिकटणार. तीन.

मी कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं काहीतरी छापायचं राहिलंय. भाताच्या कुकरमधली तीन शितं बघून भात शिजला म्हणणं वेगळं, इथे तर तीन शितं बघून शहरातल्या सगळ्या कुकरांची ग्वाही देतायत. पण सिद्धता इतकी घरगुती आहे की स्वयंपाकघरातल्या दोन वाट्या पुरतात, आणि त्या मी खरंच आणल्या.

फंक्शनच्या ग्राफवर एक टिंब धरा, समजा ०.३ च्या जागचं. त्या टिंबाच्या किंचित वर एक वाटी सरळ ठेवायची, बूड टिंबावर, तोंड वर. आणि टिंबाच्या किंचित खाली दुसरी वाटी पालथी, तिचंही बूड टिंबाकडेच. दोन बुडांच्या मधे जी फट आहे त्यातून आपला ग्राफ आरपार जातो. जवळपास तो फार हलू शकत नाही कारण सलग आहे, म्हणून फटीत मावतो. लांब गेल्यावर तो वर-खाली उड्या मारेल, मारू दे, तोवर वरच्या वाटीची भिंत कितीतरी वर गेलेली असते आणि खालचीची कितीतरी खाली, आणि वाटी पुरेशी अरुंद, उभट निवडणं आपल्याच हातात आहे. म्हणजे काय झालं, अख्खा ग्राफ दोन वाट्यांच्या मधे.

आता तिन्ही गोष्टी मशीनमधे घाला, वरची वाटी, ग्राफ आणि खालची वाटी. आत जो वर तो बाहेरही वर, हे मघाशीच ठरलं. म्हणून बाहेर आलेला ग्राफसुद्धा बाहेर आलेल्या दोन वाट्यांच्या मधेच सापडणार, सुटका नाही. आणि वाटी म्हणजे गणितात काय? अंतराचा वर्ग, म्हणजे (एक्स − ०.३) चा वर्ग, थोडा वर उचललेला. हा वर्ग सोडवला की उरतात एक्सचा वर्ग, एक्स आणि एक साधा आकडा, म्हणजे तीच तीन परीक्षेची फंक्शन्स! मशीन त्या तिघांना नीट सांभाळतं, म्हणून वाट्याही जवळपास जशाच्या तशा बाहेर येतात, फट तेवढीच बारीक राहते, आणि ०.३ च्या जागी ग्राफ त्या फटीत अडकतो. संपलं. भाची दोन मिनिटं गप्प बसली आणि मग एक वाटी उचलून परत ठेवली.

बर्नस्टाइनला ही परीक्षा देऊन बघू, अर्ध्या ओळीचं काम आहे. १ घातला की वजनांची बेरीज, म्हणजे १. एक्स घातला की छाप्यांच्या प्रमाणाची सरासरी, म्हणजे एक्सच. एक्सचा वर्ग घातला की येतो एक्सचा वर्ग अधिक एक्स (१ − एक्स) भागिले एन, एन म्हणजे नाणं किती वेळा उडवलं. तो शेवटचा तुकडा एन वाढल्यावर शून्याकडे जातो. पास. ज्यांनी स्टॅटिस्टिक्स केलंय त्यांनी ओळखलं असेल, तो तुकडा म्हणजे व्हेरियन्स.

आणि आता एक प्रश्न जो भाचीने विचारला आणि मला मनापासून आनंद झाला. म्हणाली, इंटरपोलेशन तर या तिन्ही परीक्षांत पैकीच्या पैकी मिळवेल ना, एक्सचा वर्ग घातला तर तोच बाहेर, चूक शून्य, मग ते का फसतं? बरोब्बर. तिन्ही पेपरांत आउट ऑफ, आणि तरी रुंगेच्या फंक्शनवर नापास. कारण ते पॉझिटिव्ह नाही, आत वरची वाटी वर असली तरी बाहेर ती वर राहील याची खात्री नाही, आणि वाट्यांमधे पकडण्याचा सगळा डाव तिथेच मोडतो. तीन शितांवरून भाताची परीक्षा फक्त पॉझिटिव्ह कुकरलाच लागू पडते.

फोरियर सीरिजमधेही अगदी हेच नाटक आधी होऊन गेलं होतं. साइन-कोसाइनच्या लाटांची साधी बेरीज करत गेलं तर सलग फंक्शनलाही कुठेतरी ती दगा देऊ शकते, हे १८७३ मधे दु ब्वा-रेमों यांनी दाखवलं होतं. मग १९०० मधे फेयर नावाच्या विशीतल्या हंगेरियन पोराने त्या बेरजांचीच सरासरी घेतली आणि सगळं शहाण्यासारखं वागायला लागलं. साध्या बेरजेत लपलेली वजनं उणेमधे जात होती, सरासरीने ती शून्याच्या वर आली.

आता दुसरी बाजू, कारण फुकट काहीच मिळत नाही. पॉझिटिव्ह मशीन भरवशाचं, पण हळू. स्लो लोकलसारखं, प्रत्येक स्टेशन घेत जाणार आणि पोचवणार नक्की, पण तुम्हाला मीटिंग असेल तर कठीण. एक्सच्या वर्गावर मधोमध चूक आहे १ भागिले ४ एन. चार दशांशापर्यंत, म्हणजे ०.०००१ इतकी चूक चालेल म्हटलं, तर एन हवा २५००. एका साध्या वाटीसाठी अडीच हजार नाणी! कोपरा असलेल्या ग्राफवर तर आणखी वाईट, मधोमध टोक असलेलं इंग्रजी व्ही च्या आकाराचं फंक्शन घ्या, एक्स आणि ०.५ मधलं अंतर. टोकाशी खरी किंमत शून्य, आणि बर्नस्टाइन एन १० ला सांगतो ०.१२३, एन १०० ला ०.०४, एन १०,००० ला ०.००४. दहापट अचूक व्हायला शंभरपट कष्ट. एलिझावेता वोरोनोव्स्काया यांनी १९३२ मधे याचा नेमका हिशोब मांडला, फंक्शन गुळगुळीत असेल तर चूक जवळजवळ एक्स (१ − एक्स) भागिले २ एन, गुणिले त्या जागचा दुसरा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे ग्राफ तिथे किती वाकलाय त्या मापाने. सरळ रेघ असेल तर चूक नाही, जितकं वळण तितकी चूक, आणि एनच्या प्रमाणात ती घटणार, त्याहून वेगाने नाही.

जास्त हुशार मशीन बनवून हे टाळता येईल का? थोडंफार. पण कोरोव्हकिन यांनीच दाखवलं की एन घाताच्या बहुपदी देणारं पॉझिटिव्ह मशीन कितीही डोकं चालवून बनवलं तरी त्या तीन परीक्षांपैकी एखाद्या पेपरात चूक १ भागिले एनच्या वर्गापेक्षा लवकर संपत नाही. वेगमर्यादा आहे ही, बोर्ड लावल्यासारखी. आणि ती का असावी हे समजायला पुन्हा वाटीच घ्या. समजा एखादं पॉझिटिव्ह मशीन तिन्ही पेपरांत पैकीच्या पैकी मिळवतं, जराही चूक नाही. मग वाट्या जशाच्या तशा बाहेर आल्या, फट वाटेल तितकी बारीक करता येते, आणि प्रत्येक फंक्शन जसंच्या तसं बाहेर. म्हणजे मशीनने काही केलंच नाही, गहू घातला आणि गहूच परत मिळाला! पीठ हवं असेल, म्हणजे साधी बहुपदी हवी असेल, तर पॉझिटिव्ह चक्कीला थोडी चूक करावीच लागते. मला हा या सगळ्या विषयातला सगळ्यात चावट मुद्दा वाटतो.

घाईवाल्यांसाठी जुगाड आहे. एनचा बर्नस्टाइन काढा आणि दुप्पट एनचा काढा, दुसऱ्याची दुप्पट करून त्यातून पहिला वजा करा. एक्सच्या वर्गावर करून बघा, दुसऱ्याच्या चुकीची दुप्पट आणि पहिल्याची चूक एकमेकांना कापतात, उत्तर बरोब्बर एक्सचा वर्ग. गुळगुळीत फंक्शनवर वेग खरंच वाढतो. पण ते 'वजा' वाचलंत ना? उणे वजन आत शिरलं, पॉझिटिव्हपणा गेला, आणि पुन्हा कुठेतरी पाऊस खालून वर पडायची शक्यता परत आली. हवामानाच्या कामाला मी हे घेणार नाही, इंजिनिअरला तिसरा दशांश हवा असेल तर त्याने खुशाल घ्यावं.

बर्नस्टाइनचा गोतावळा पुढे फार वाढला, भरभर सांगतो. कान्तोरोविच यांनी १९३० मधे म्हटलं की एका बिंदूवरचा आकडा कशाला, आजूबाजूच्या छोट्या तुकड्यातली सरासरी घ्या, म्हणजे सलग नसलेली फंक्शन्सही चालतील. पावसाच्या बाबतीत हे जास्त शहाणपणाचं वाटतं, मापकावर झाडाची फांदी आलेली असू शकते. याच कान्तोरोविच यांना १९७५ मधे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी. रेघ विरारला न संपता पुढे अनंतापर्यंत जात असेल तर मिराक्यान यांनी १९४१ मधे आणि सास यांनी १९५० मधे नाण्याऐवजी प्वासाँची, म्हणजे संभाव्यतेतल्याच दुसऱ्या एका सूत्राची वजनं वापरली. पुढे बास्काकोव्ह, डुर्मायर, आणि मग असंख्य. आजही यावर भारतात, तुर्कस्तानात, रोमानियात धो धो पेपर निघतात, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच पेपरांची रेसिपी एकच असते, वजनात एक नवीन अक्षर घाला, १, एक्स, एक्स वर्ग यांचा हिशोब करा, कोरोव्हकिन लावा, वोरोनोव्स्कायाचा नवा अवतार सिद्ध करा, छापा. भाचीला हेही सांगितलं, म्हटलं पेपर लिही, पण वजन बदललं तर कशासाठी बदललं हे पहिल्या पानावर लिहायची सवय ठेव.

मग तिने तो प्रश्न विचारलाच, याचा उपयोग काय. मी म्हटलं तुझा मोबाइल काढ आणि कुठलाही मराठी मेसेज झूम कर. १९५९ च्या आसपास फ्रान्समधे सिट्रोएन कंपनीत द कास्तेल्जो आणि पुढे रेनॉमधे बेझिए, दोघेही गाडीच्या पत्र्याची वळणं कॉम्प्युटरला कशी सांगायची यात गुंतले होते, आणि दोघंही पोचले ते बर्नस्टाइनच्या वजनांपाशीच. सिट्रोएनने ते काम गुपित ठेवलं, म्हणून नाव बेझिएचं झालं. पुढे तीच वळणं अक्षरांत आली. आपल्या मुंबईतल्या एक टाइप या गटाने केलेले मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट घ्या, नाहीतर दुसरा कुठलाही, त्यातलं प्रत्येक गोलाईदार अक्षर अशा बेझिए तुकड्यांनी शिवलेलं असतं. सगळ्यात नेहमीच्या तुकड्याला चार टिंबं असतात, दोन टोकं आणि मधे दोन हँडल, आणि वजनं तीनदा नाणं उडवल्याची. वजनं उणे नाहीत आणि बेरीज १, म्हणून वळण चार टिंबांभोवती ताणलेल्या रबरबँडच्या बाहेर कधीच जात नाही. डिझायनर हँडल ओढतो तेव्हा अक्षर भलतीकडे उसळत नाही ते त्यामुळे. तिथे इंटरपोलेशन असतं तर 'ळ' चं पोट सरळ करताना त्याची शेपटी वरच्या ओळीत गेली असती.

तिने लॅपटॉपवर एक फुकटातला फॉन्ट एडिटर उघडला आणि 'ळ' घेतला. एक हँडल पकडून स्क्रीनच्या पार कडेला नेलं. पोट फुगलं, पण हँडलच्या जवळ काही पोचलं नाही. मी म्हटलं पोचणारही नाही, मधल्या एका हँडलचं वजन जास्तीत जास्त ४/९, म्हणजे ४४ टक्के, बाकीचे ५६ टक्के उरलेल्या तिघांकडे. तिने वहीच्या मागच्या पानावर ३ एक्स गुणिले (१ − एक्स) वर्ग लिहून डेरिव्हेटिव्ह काढला, एक तृतीयांशला शून्य आला, तिथे ४/९ आले, आणि मग म्हणाली चल मामा, ताटं उचलूया, सुकलीयत.